पाठीचं माप

नवरा बायकोपेक्षा उंच असावा हे कुणी ठरवलं कोण जाणे, पण टेलरमास्तरांच्या घरात पहिल्या दिवसापासून उलटा कारभार होता. मास्तर बुटके, आणि बाई त्यांच्याहून चांगल्या चार बोटं उंच. लग्नात नणंदेने दोघांना शेजारी उभं पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणून टाकलं की दादाने शिडी आणली, आता माळ्यावरचं सामान काढायची चिंता मिटली. नणंदेच्या जिभेला हाड नव्हतं. दुसरी कुणी असती तर जन्मभर डूख धरून बसली असती. बाई मात्र खूश झाल्या. शिडी तर शिडी, म्हणून ताठ मानेने मिरवल्या. मागे घर आणि पुढे दुकान असा संसार. वरच्या फळीवरचे कापडाचे तागे त्या नुसता हात उंचावून खाली घ्यायच्या, आणि स्टूल लागायचं ते मास्तरांना. गिऱ्हाइकांना या गोष्टीची फार गंमत वाटायची.

मास्तर बोलायला कमी. गिऱ्हाईक सांभाळायचं ते बाईंनी, कापायचं आणि शिवायचं ते मास्तरांनी. ते ज्यांच्या हाताखाली शिकले त्या वस्तादांनी त्यांना कात्री धरायच्या आधी एक नियम शिकवला होता. गिऱ्हाइकाचं शरीर गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. पोट सुटलं असेल तर शिवण सोडायची, तोंड उघडायचं नाही. एक खांदा पडका असेल तर आतून पॅड घालायचं आणि दोन्ही खांदे सारखेच आहेत असं वागायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस नवा कोट घालून खूश होऊन जावा, कोटात काय काय झाकलंय ते त्याला कळू नये, हीच कारागिरी. त्याच वस्तादांकडे शिकलेला दुसरा एक शिंपी रस्त्यापलीकडे दुकान टाकून बसला होता. त्याला सगळे 'समोरचा' म्हणत. तोही याच नियमाने धंदा करायचा, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

बाईंची उंची कमी होतेय हे मास्तरांना कळलं ते एका सकाळी. बाईंच्या कॉलरचं बटण निघालं होतं आणि ते अंगावरच लावून द्या म्हणून त्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. मास्तर दोरा ओवून टाका घालायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की हनुवटी वर न करता आपण बायकोच्या डोळ्यांत बघतोय. असं आधी कधी झालं नव्हतं. शिंप्याची नजर ती, तिला टेप लागत नाही. त्यांनी बटण लावलं, दोरा दाताने तोडला आणि मशीनवर जाऊन बसले. म्हातारपणी माणसं थोडी दबतातच, आपणही दबलो असू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पण एकदा दिसलं ते दिसतच राहिलं. बाईंच्या झग्याची कड जमिनीला लागायला लागली. मास्तरांनी दुपारी बाई झोपल्या असताना ती उसवली, बोटभर आत दुमडली आणि पुन्हा शिवली. मग वर्षभराने आणखी बोटभर. पुढे पाठीला बाक यायला लागला. बाक आला की कापड पुढून खाली लोंबतं आणि मागून वर चढतं, कुठल्याही शिंप्याला ठाऊक असतं. मास्तरांनी बाईंचे कपडे मागून लांब आणि पुढून आखूड कापायला सुरुवात केली. मानेखाली जिथे खळगा पडतो तिथे अस्तराच्या आत कापसाची पातळ पट्टी बसवली, इतकी बेताची की हाताला लागू नये. बाईंना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. खोटं कशाला बोला, त्यांना आपल्या हाताचा अभिमानही वाटत होता. बाई दुकानातल्या आरशासमोर उभ्या राहायच्या, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून बघायच्या आणि म्हणायच्या, तुमची बहीण बघा कशी वाकून गेलीय, मी अजून खांबासारखी आहे. आता असं म्हणणाऱ्या बाईला कोण काय सांगणार? निदान मास्तर तरी सांगणार नव्हते.

फळीचं मात्र लपवता आलं नाही. एक दिवस बाईंचा हात वरच्या ताग्याला पोचेना. बाईंनी सुताराला लाखोली वाहिली. मेल्याने फळ्या दुरुस्त करताना वर चढवून ठोकल्या म्हणाल्या. सुतार येऊन गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण मास्तर गप्प बसले. त्या दिवसापासून स्टूल बाईंचं झालं.

मग मनगट मोडलं. फार मोठं काही घडलं नव्हतं. सपाट फरशीवर एक तागा थोडा उलगडून पडला होता, त्यात बाईंचा पाय अडकला, त्यांनी हात टेकला आणि कट्‌कन आवाज झाला. प्लास्टर घातलं, काढलं, मनगट सरळ जुळलं. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण प्लास्टर काढल्यावर हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना खुर्चीवर बसवून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की उभ्या उभ्या पडून या वयात मनगट मोडतं तेव्हा दोष फरशीचा नसतो, हाडांचा असतो. हाडं आतून ठिसूळ झाली असणार. आणि एक हाड असं मोडलं की दुसरं मोडायची शक्यता वाढते, म्हणून आताच बघायला हवं, औषध सुरू करायला हवं. मनगट हा निरोप आहे असं समजा, त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, अलीकडे उंची कमी झालीय का?

बाई हसल्या. "ह्यांना विचारा. टेलर आहेत. माझे सगळे कपडे ह्यांच्याच हातचे."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आधी त्यांच्या टेबलाकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. बाई मजेत होत्या, मनगट सुटल्याचा आनंद होता, केस नीट विंचरलेले होते. अंगात मास्तरांनी शिवलेला झगा होता आणि त्यात त्या ताठ दिसत होत्या.

"नाही," मास्तर म्हणाले. "माप आहे तसंच आहे."

आता या माणसाला काय म्हणावं? ज्या एका जागी तोंड उघडायला हवं होतं, तिथे उघडलं आणि त्यातून हे बाहेर पडलं. वस्तादांचा नियम दुकानासाठी होता, दवाखान्यासाठी नव्हता, एवढं कुणालाही कळावं. पण चाळीसएक वर्षांची सवय जिभेवर बसलेली असते, ती जागा बघत नाही. मास्तरांना स्वतःलाही आपण खोटं बोललो असं त्या क्षणी वाटलं नाही. गिऱ्हाइकाला सांभाळून घेतलं, इतकंच वाटलं.

डॉक्टरीणबाई काही नुसत्या शब्दावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी हाडांची घनता मोजून घेतली, पाठीचा एक्स-रे काढून घेतला. घनता कमी आली. एक्स-रेमध्ये एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला दिसला, दाबलेल्या पावासारखा. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. शिवाय कॅल्शियम, शिवाय व्यायाम, वाकून जड उचलायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर एका वाक्यात निकाल लावला. मशीन चुकू शकतं, पण तुमचा हात चुकत नाही. तुम्हीच म्हणालात ना, माप तसंच आहे म्हणून?

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मास्तरांनी वाटेत गोळ्यांचं पाकीट घेतलं.

गोळी बाईंनी एकदाच घेतली. घेतली आणि सवयीप्रमाणे पुन्हा अंथरुणावर पडल्या. दिवसभर छातीत आग आग झाली. मला हे विष नको, हाडं माझी ठणठणीत आहेत, म्हणून त्यांनी पाकीट फडताळात टाकलं ते टाकलंच. मास्तरांनी बघितलं. परगावच्या लेकीचा फोन यायचा, आई गोळी घेतेस ना, आणि बाई घेते म्हणायच्या. मास्तर शेजारीच बसलेले असायचे.

लेक एकदा येऊन गेली. आल्या आल्या तिने घरभर नजर टाकली आणि कामाला लागली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, सगळी पायपुसणी उचलून टाकली, जिन्याजवळ मोठा दिवा लावला, स्टूल समोरच्याला देऊन टाकलं. आईला चार शब्द सुनावले, बापाला आठ. बाबा, तुमचं लक्ष कुठे असतं, म्हणाली. मास्तर मान हलवत राहिले. लेक परत गेली त्याच दिवशी बाई जेवायच्या खुर्चीवर चढून ताग्याला हात घालताना त्यांना दिसल्या. स्टूल गेलं तर खुर्ची होतीच.

आणि मग पाठ. बाई खाली वाकल्या, इस्त्री उचलली आणि तिथेच थिजल्या. पडल्या नाहीत, आपटल्या नाहीत, नुसती इस्त्री उचलली. उसण भरली म्हणाल्या. तीन दिवस शेक घेतला. चौथ्या दिवशी कूस बदलता येईना तेव्हा मास्तर त्यांना घेऊन गेले. आणखी एक मणका चेपला होता. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, औषध चालू नाही ना? मला कळतं. आता पुढे खुबा आहे. या वयात खुबा मोडला की बरीचशी माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालत नाहीत, काही तर अंथरुणावरून उठतच नाहीत. अजून वेळ गेलेली नाही. पण त्यांनाच पटत नसेल तर मी काय करणार? तुम्ही पटवा.

मास्तर हो म्हणाले. त्यांना काही वाटेना. भीती वाटायला हवी होती, तीही वाटेना. रडू यावं तर तेही नाही. घरी येऊन त्यांनी बाईंना निजवलं, औषध दिलं, भात लावला, गिऱ्हाइकाचं अडलेलं जाकीट शिवायला बसले. शिवता शिवता अस्तरावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळलं की सुई बोटात गेलीय. मास्तर त्या ठिपक्याकडे बघत बसले. मग थंड पाण्याने अस्तर धुतलं. असे किती दिवस गेले त्याचा त्यांनी हिशेब ठेवला नाही. लोक दुकानात यायचे, बाईंची चौकशी करायचे, मास्तर बरं आहे म्हणायचे आणि टेप काढायचे. समोरचासुद्धा एकदा येऊन बसून गेला. म्हातारपण म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, म्हणाला. मास्तरांनी त्याला चहा दिला.

बाई उठल्या. हळूहळू हिंडू-फिरू लागल्या. दुखणं होतंच, पण त्या दुखण्यालाही त्यांनी इस्त्रीचं नाव देऊन टाकलं होतं. जड इस्त्री मेली, हलकी घ्या, म्हणाल्या.

एका सकाळी मास्तर बटणं आणायला बाहेर गेले होते. परत आले तर बाई खुर्चीवर उभ्या. नुसत्या उभ्या नाहीत, चवड्यांवर उभ्या, एक हात फळीला धरलेला आणि दुसरा वरच्या राखाडी ताग्यावर. मास्तर दारातच थबकले. हाक मारली तर दचकून पडतील. त्यांनी बटणांची पुडी खाली ठेवली, चालत गेले आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. बाईंनी तागा ओढला, मास्तरांच्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या. घाम आला होता त्यांना.

"यातला कोट शिवा मला," बाई म्हणाल्या. "थंडी येतेय. आणि मापं घ्यायला नकोत. तुम्हाला पाठ आहेत."

मास्तर म्हणाले, "पाठ आहेत."

त्या दुपारी त्यांनी कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला आणि उभेच राहिले. हात आपोआप मागचा भाग लांब आणि पुढचा आखूड आखायला निघाला होता. मास्तरांनी ती रेघ ब्रशने झाडून टाकली. मग त्यांनी बाईंचं दुसरं एक माप आठवलं. लग्नानंतर पहिल्या थंडीत त्यांनी बाईंना पहिला कोट शिवला होता, तेव्हा त्यांच्या मागे उभं राहून घेतलेलं माप. तो कोट कधीच विरून गेला, पण माप त्यांच्या बोटांत होतं. त्या मापाने त्यांनी आखलं. पाठ सरळ, पुढचं-मागचं सारखं, पॅड नाही, कापूस नाही. कापताना त्यांच्या हाताला ते चुकीचं वाटत राहिलं. त्यांनी हाताचं ऐकलं नाही.

दुकानातला आरसाही सरळ नव्हता. धंद्यातला आरसा कुठेच सरळ नसतो. खालून पुढे काढलेला आणि वरून मागे झुकलेला ठेवतात, म्हणजे माणूस उंच आणि सडपातळ दिसतो. मास्तरांनी त्याच्या खालची लाकडी पट्टी काढली आणि आरसा भिंतीला सपाट टेकवला.

कच्च्या शिलाईतला कोट त्यांनी बाईंना घालायला दिला. बाईंनी हात घातले, बटणं लावली आणि आरशाकडे वळल्या. कोट पायांवर आला होता. बाह्यांतून बोटांची टोकंच तेवढी दिसत होती. कॉलर मानेपासून सुटून मागे उभी राहिली होती, आणि पाठीवर जिथे बाक होता तिथे कापड ताणून बसलं होतं. आरशात एक लहानखुरी, वाकलेली म्हातारी दुसऱ्याचा कोट घालून उभी होती.

"हा कुणाचा घातलात मला?" बाईंनी विचारलं.

"तुझाच आहे."

"माझा कसा असेल? केवढा हा."

"तुझाच. लग्नानंतरच्या वर्षीचं माप आहे." मास्तरांचा आवाज एरवी गिऱ्हाइकाला तारीख सांगावी तसाच होता. "एवढी होतीस. आता नाहीस. तुझी पाठ वाकलीय. दरवर्षी वाकलीय. मी मागून वाढवत गेलो आणि खालून दुमडत गेलो. मानेखाली कापूस घातला. सुताराने फळी चढवली नव्हती. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. मशीन बरोबर आहे."

एवढं लांब ते आयुष्यात बोलले नसतील. बोलून झाल्यावर आपल्याला मोकळं वाटेल अशी त्यांची कल्पना असावी, पण तसंही काही झालं नाही. ते टेप गळ्यात घालून उभे होते.

बाईंनी आरशातून नजर काढली नाही. त्यांनी हात मागे नेला, पाठीवरचा ताणलेला भाग चाचपला. मग खाली बघितलं, पायांवर पडलेल्या कापडाकडे.

"कधीपासून माहीत होतं?"

"बटण लावलं त्या दिवसापासून."

कुठलं बटण ते बाईंनी विचारलं नाही. त्यांनी कोट काढला. कच्ची शिलाई उसवू नये म्हणून सावकाश काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. त्या रडल्या असत्या तर मास्तरांना काहीतरी करता आलं असतं. त्या मागच्या घरात गेल्या आणि दोन वेळचा स्वयंपाक केला. मास्तर जेवले. चव कसली होती ते त्यांना सांगता आलं नसतं.

दोन दिवस घरात गरजेपुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, डॉक्टरकडे जायचंय. तिथे खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. गोळी एकदाच घेतली, घेऊन आडवी झाले, नंतर सोडली. लेकीला घेते म्हणून सांगत आले. खुर्चीवर चढते. आणि उंची कमी झालीय, बरीच. ह्यांना माहीत होतं. हे सांगताना त्या मास्तरांकडे वळल्या नाहीत आणि आवाजही बदलला नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांपैकी कुणालाच बोल लावला नाही. गोळी सोसत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध आहे, म्हणाल्या. आधी रक्त तपासू आणि देऊ. पायांत ताकद यावी, तोल राहावा म्हणून व्यायाम शिकवणारी बाई आहे, तिच्याकडे जा. कपाळमोक्ष झाल्यावर धावण्यापेक्षा हे बरं. आणि उंचीवर लक्ष ठेवा. एकदम कमी झाली तर आणखी मणका चेपला असं समजायचं आणि लगेच यायचं. इथे आलात की आम्ही मापूच, पण मधल्या काळात घरी कुणीतरी मापत राहा.

मास्तरांचा हात गळ्याकडे गेला. टेप घरी होती, पण हात गेला.

"मी मापतो," ते म्हणाले.

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहायला मान खाली घातली.

औषध सुरू झालं. शिरेतून दिल्यावर दोन दिवस बाईंना ताप आला, अंग मोडून आलं, मग उतरलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने त्यांना खुर्चीला धरून एका पायावर उभं राहायला शिकवलं, हात न टेकता खुर्चीतून उठायला शिकवलं, पाठ न वाकवता गुडघ्यांत बसून वस्तू उचलायला शिकवलं. बाई ते रोज दुकानात करायच्या, गिऱ्हाईक असलं तरी करायच्या. राखाडी तागा त्यांनी मास्तरांकडून खालच्या फळीवर काढून घेतला, आणि त्याबरोबर वरची अख्खी फळी रिकामी करून घेतली. मास्तरांशी त्या बोलायच्या. दूध संपलंय, भाजी आणा, त्या साहेबांची पँट तयार आहे का, सगळं बोलायच्या. भांडण नव्हतं. लेकीला फोनवर वाटायचं आईचं-बाबांचं छान चाललंय.

राखाडी कोट टेबलाच्या खणात तसाच पडून होता. एक दिवस मास्तर म्हणाले की थंडी पडलीय, आता खऱ्या मापाने कापून देतो, काही झाकणार नाही. बाई दुकानाच्या दारातून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "माझे कपडे यापुढे समोरचे शिवतील. माझं मापही तेच घेतील."

शिंप्याची बायको रस्ता ओलांडून दुसऱ्या शिंप्याकडे जाणार. गावभर बभ्रा होणार हे मास्तरांना कळत होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, लोकांना काय झालं असेल ते न सांगता कळतं. मास्तरांना वाटलं आता तरी आपल्याला राग येईल. नाही आला. त्यांनी कोट खणातून काढून पिशवीत घातला आणि कुलूप शोधायला लागले. बाईंना एकट्याने रस्ता ओलांडू द्यायचा नव्हता. रस्ता ओला होता, कडेला फरशी उखडलेली होती. त्यांनी दंड पुढे केला. बाईंनी तो धरला. व्यायामाच्या वेळी खुर्ची धरायच्या तसा, घट्ट.

समोरचा त्यांना बघून उठलाच. या वहिनी, बसा, म्हणाला, आणि मास्तरांच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिला. बाईंनी काम सांगितलं. हा कोट माझ्या मापाने कापायचा, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला मी येईन तेव्हा माझी पाठ आणि उंची मापायची. समोरच्याला काही उमगेना. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्याने टेप घेतली आणि बाईंच्या मागे गेला. मानेच्या हाडावर अंगठ्याने टोक धरलं, टेप पाठीवरून खाली सोडली. मास्तर दाराशी उभे होते. टेप बाकावरून वर चढली आणि पलीकडे उतरली हे त्यांना तिथूनही दिसलं. समोरच्याचं बोट थांबलं. त्याने बाईंच्या डोक्यावरून मास्तरांकडे पाहिलं, एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने दुसऱ्याकडे बघावं तसं.

"काय हो वहिनी," समोरचा मोकळ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही तर अजून तशाच आहात."

बाई वळल्या नाहीत. समोर त्याचाही आरसा होता, तोही मागे झुकलेला. त्यात त्यांना समोरच्याची नजर दिसली असणार.

"त्यांच्याकडे काय बघता?" त्या म्हणाल्या. "पाठ माझी आहे. आकडा सांगा."

समोरच्याने नजर टेपवर आणली. मग त्याने टेप पुन्हा लावली, पुन्हा वाचली आणि आकडा सांगितला. भिंतीला टेकवून उंची मापली, तीही सांगितली. बाईंनी दोन्ही आकडे हळू आवाजात एकदा स्वतःशी म्हणून पाहिले, विसरू नयेत म्हणून. मास्तरांना दोन्ही आकडे आधीपासून ठाऊक होते. पण त्यांना कुणी विचारलं नाही.